चार तारा, तीन शिफ्टा

मागच्या अंकात माझ्यावर अर्धं पान छापून आलं, वर मथळा ‘मराठवाड्याचे ज्येष्ठ रॉक बासिस्ट’. ते वाचून आमच्या जुन्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला. खरंय त्याचं. हिशोब काढला तर एवढ्या वर्षांत मी रॉक म्हणावं असं स्टेजवर वाजवलं असेल पन्नास-साठ रात्री, बाकी सगळ्या रात्री लग्नं, गणपती, देवी, भीमजयंती, उरूस आणि कंपन्यांचे ॲन्युअल डे. पण आता छापून आलंच आहे तर ज्येष्ठ तर ज्येष्ठ. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲप तर बक्कळ आले, संपादकांनी त्यातले काही निवडून दिले, जमेल तसं लिहितोय. नावं टाकू नका असं मीच सांगितलं, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : काका, मी बास गिटार घेतली तर घरचे म्हणतात दोन तारा कमी आहेत, दुकानदारानं फसवलं तुला. यांना कसं समजावू? (जालना)

हसू नको, पण माझ्या वडलांनी पण तारा मोजल्या होत्या. म्हणाले, सहाच्या पैशात चार दिल्या अन् तू गुमान घेऊन आलास.

घरच्यांना सांग ही गिटार नाही, हा डग्गा आहे असं समजा. डग्गा तबल्यापेक्षा कमी बोलतो म्हणून कुणी तो निम्म्या किमतीत मागत नाही. जाडीकडून बारीककडं तारा ई, ए, डी, जी, म्हणजे आपल्या पेटीवाल्याच्या भाषेत पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. गिटारच्या चार जाड तारा असतात त्याच, फक्त एक सप्तक खाली, खर्जात. आता सूर खाली न्यायचा तर तार जाड पाहिजे आणि लांब पण पाहिजे, म्हणून बासची तार नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे वरच्या पट्टीपासून खालच्या टेकूपर्यंत, ३४ इंच, गिटारची साधारण २५. सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा हलते, तिची हवेतली लाट आठ मीटरच्या वर लांब, तुझ्या दहा बाय दहाच्या खोलीत ती धड मावत नाही. आणि होतं काय, खोलीत बसून तुला वाटतं आवाजच येईना, म्हणून तू वाढवतो, आणि तिकडं तिसऱ्या घरातल्या आजीच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागतात.

मोबाईलवर गाणं लावून दाखवायला जाऊ नको, त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा आवाज निघतच नाही. कुणाच्या तरी गाडीत बसव सगळ्यांना, गाणं लाव, आणि मधेच बास शून्यावर आण. तेवढ्यानं नाही पटलं तर दोन तारांचे पैसे परत मागायला मी येतो तुझ्यासोबत दुकानात.

प्रश्न : त्या काळात मराठवाड्यात रॉक पोचलंच कसं? तुम्हाला कुणी शिकवलं? (लातूर)

कॅसेटवर पोचलं, आणि तेही चौथ्या हाताचं.

मी आयटीआयला फिटर करत होतो, १९८४ साल. औरंगाबादला (तेव्हा औरंगाबादच) छावणीतल्या चर्चमध्ये गिटार वाजवणारे एक सर होते, त्यांचे नातेवाईक मुंबईत, तिकडून कॅसेटी यायच्या आणि सर त्या आम्हाला भरून द्यायचे. कोरी कॅसेट आपली आपण आणायची. म्हणजे मूळ कॅसेटची कॉपी, तिची कॉपी, तिची परत कॉपी. ब्लॅक सॅबथ, डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, नावं बॉलपेननं लिहिलेली आणि निम्मी चुकलेली, मी दोन वर्षं एका बँडला दुसराच समजत होतो. सरांनी तारेवर बोट कुठं ठेवायचं ते शिकवलं, दोन फ्रेटांच्या (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधोमध नाही, पुढच्या फ्रेटला चिकटून, एवढं एक शिकवलं असतं तरी पुष्कळ होतं.

कॉपी होता होता आवाज मरत जातो, त्यात बास वेगळी कळायची नाही. नुसती धुसफूस ऐकू यायची. मग आमची आयडिया अशी की टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की टेप हळू चालते, सूर खाली येतो पण बोटं कुठून कुठं जातायत ते जरा उमगतं, म्हणून मी उतरलेले सेल डब्यात जपून ठेवायचो आणि सराव करताना तेच घालायचो. आई शेजारच्या काकूला सांगायची, “लोकांची लेकरं तिकिटं साठवतात, आमचं मेलेले सेल साठवायलंय.” जे ऐकूच यायचं नाही ते मनानं भरायचो. पुढं पंधरा वर्षांनी सीडीवर ती गाणी साफ ऐकली तेव्हा कळलं की आपण निम्मं चुकीचं वाजवत आलोय, आणि खोटं कशाला बोलू, दोन ठिकाणी माझं चुकीचं मला जास्त आवडलं.

बास आणायला मुंबईला गेलो १९८७ ला. तेव्हा आपल्याकडं मीटरगेज, मनमाडला उतरून गाडी बदलायची. धोबी तलावच्या दुकानांमधनं नव्या बासच्या किमती ऐकून बाहेर आलो आणि हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोव्याच्या म्हाताऱ्याकडून जुनी घेतली, १८०० रुपयांना, कंपनीतल्या पहिल्या दिवाळीच्या बोनसमधे उसने घालून. त्यानं पैसे मोजले, बास माझ्या हातात दिली आणि परत काढून घेऊन दोन मिनिटं वाजवली, मग दिली. ते दोन मिनिटं काय वाजवलं ते आजपण आठवतं पण वाजवता येत नाही.

त्याच धोबी तलावला रंगभवन, तिथं पुढं १५ ऑगस्टच्या आसपास इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव ऐकायला दोनदा गेलो. रॉक मशीन हा बँड १९८४ ला निघालेला, उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार, मार्क सेल्विन बास, १९९३ ला त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. बेनेगल, तिनईकर ही आडनावं ऐकून मला इतका धीर आला की काय सांगू, तोवर वाटायचं हे वाजवायला आडनाव तरी इंग्रजी पाहिजे. परतीच्या गाडीत आम्ही चौघांनी बँड काढला, मनमाड येईपर्यंत नाव पण ठरलं. ते नाव मी इथं सांगणार नाही, लाज वाटते.

पहिला कार्यक्रम एका कॉलेजचं गॅदरिंग. तिसऱ्या गाण्याला मागून आवाज आला, “ओ भाऊ, नाचायचं लावा की!” आम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, चौथ्या गाण्याला चप्पल आली. एकच आली, दुसरी आली नाही, म्हणजे फेकणारा पण घरी एका पायानं गेला असणार. पाचवं आम्ही हिंदी सिनेमातलं वाजवलं आणि मंडप उठून नाचला. तेव्हापासून नियम ठरला, दोन त्यांची, एक आपलं. तो नियम मी पुढं जन्मभर पाळला.

प्रश्न : मी ढोलकी वाजवतो. आमच्या ग्रुपमध्ये बासवाला आला आणि तेव्हापासून सगळं गढूळ वाजतंय. दोष कुणाचा? (बीड)

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात भारी, याच्यावर लिहायला मला पूर्ण पान पाहिजे होतं.

दोष बासवाल्याचा. नव्वद टक्के वेळा त्याचाच असतो, मी स्वतः तो दोष पाच वर्षं केलाय.

ढोलकीची डावी बाजू, आपली धुम, आणि बास, दोघं एकाच खोलीत राहतात. तुम्ही धुमेवर तळवा घासून सूर वर ओढता, त्याच क्षणाला बासवाला खाली एक लांब सूर धरून बसला की झालं, दोघांतलं एकपण कळत नाही, नुसता चिखल. त्याला सांगा की तुमचा तळवा घसरत असतो तेव्हा त्यानं तार दाबून गप करायची. तार वाजवणं निम्मं काम, गप करणं निम्मं. उजव्या हाताची करंगळीकडची कड ब्रिजजवळ तारेवर अलगद टेकवली की सूर आखूड होतो, धप्प, धप्प, पखवाजाच्या कणकेच्या बाजूसारखा. तसं वाजवू द्या त्याला महिनाभर.

दुसरं, तो उभा कुठं राहतो? जास्त करून ही पोरं गिटारवाल्याशेजारी उभी राहतात, फोटो चांगला येतो म्हणून. त्याला तुमच्या डाव्या हाताला उभा करा, तुमचा डावा तळवा त्याला दिसला पाहिजे. आवाज कानात यायच्या आधी हात दिसतो. मी ज्या ढोलकीवाल्याबरोबर बावीस वर्षं वाजवलं (तोच, ठसकावाला) त्याचा चेहरा मला आठवायला लागतो पण डाव्या हाताची नखं डोळ्यासमोर आहेत.

तिसरं साऊंडवाल्याचं. दोघांनाही सगळाच खालचा आवाज देऊ नको म्हणावं. एकाला ८० हर्ट्झच्या आसपास थोडं द्यायचं, दुसऱ्याला त्याच्या वर, आणि २०० ते ३०० च्या पट्ट्यात दोघांचं जरा जरा कापायचं, गढूळपणा तिथं साचतो.

आणि आता माझी गोष्ट. मला बास शिकवली ती रॉकनं नाही, एप्रिल महिन्यानं शिकवली. १४ एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत आपल्याकडं भीमगीतांचे कार्यक्रम, रोज एक गाव, कधी दोन. पहिल्या वर्षी मी चांगला तयारीत गेलो, कॅसेटवर ऐकलेल्या सगळ्या करामती घेऊन, प्रत्येक ओळ संपली की माझं तुरुरुरु चालू. परभणी जिल्ह्यातलं एक गाव होतं, समोर हजारभर माणूस, बायका लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या, वामनदादा कर्डकांचं गाणं चाललेलं. अंतऱ्याच्या मधे गायक वळले, माईकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “पोरा, शब्दावर माती टाकायलास.” आणि परत फिरून गायला लागले, सूर जरा पण हलला नाही.

त्या रात्री उरलेला कार्यक्रम मी दोन सुरांवर काढला, सा आणि प. माणसं शब्द ऐकायला आली होती, चालत आली होती, मी कोण तिथं तुरुरुरु करणारा. सकाळी गाडीत बसल्यावर ते गायक एवढंच म्हणाले की आज केरवा ताल झोपाळ्यासारखा हलत होता. मी आजवर जे काही वाजवतो, मग ते रॉक असू दे नाहीतर हळदीचं गाणं, ते त्या रात्रीनंतरचं आहे.

प्रश्न : मी अकरावीत आहे. माझे हात लहान आहेत, बास झेपेल का? सर म्हणतात मुलींनी कीबोर्ड घ्यावा. (नांदेड)

सरांना माझा नमस्कार सांग आणि मोहिनी डे चं नाव सांग. मुंबईची पोरगी, शाळेच्या वयात बास वाजवत होती, विशीच्या आत ए. आर. रहमानच्या स्टेजवर होती. तिकडं अमेरिकेत कॅरोल के नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात स्टुडिओत बसून रेकॉर्डिंगचा ढीग लावला. हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बास मिळते, बीटल्सचा पॉल मॅकार्टनी जी व्हायोलिनच्या आकाराची वाजवायचा ती तशीच आखूड. सुरुवातीला पहिल्या तीन फ्रेटांवर ओढाताण करू नको, पाचव्या फ्रेटच्या पुढं सराव कर, तिथं अंतर कमी असतं. बोटाला फोड येईल, फोडू नको.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअर आहे, पुण्याची नोकरी सोडून बँड करतो म्हणतोय. तुम्ही काय सल्ला द्याल? त्याला तुमचं आलेलं पान आवडलं म्हणून त्याचं धाडस वाढलंय. (परभणी)

ताई, म्हणजे दोष माझ्यावर आला की.

मी टूलरूममधे फिटर म्हणून वाळूजला बत्तीस वर्षं नोकरी केली. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, थर्ड शिफ्ट. कार्यक्रम असला की शिफ्ट बदलून घ्यायची, बदलून देणाऱ्याची दिवाळीत ड्युटी आपण करायची. माझ्या लग्नानंतरच्या सात दिवाळ्या मी मशीनवर काढल्या, आमच्या हिला विचारा. १९८८ ला ऑर्केस्ट्रात रात्रीचे ७५ रुपये मिळायचे, ते पण मला बास चांगली येत होती म्हणून नाही, माझ्याकडं स्वतःचा ॲम्प होता म्हणून. पुढं दीड हजारापर्यंत गेले. नुसत्या रॉकच्या रात्रींचे एकूण पैसे काढले तर त्यात बास पण आली नसती, तारा आल्या असत्या.

आता तुमच्या मुलाचा जमाना वेगळा आहे, घरी बसून रेकॉर्डिंग होतं, शिकवण्या ऑनलाइन घेता येतात, तो कदाचित चालवेल. पण मला विचाराल तर नोकरी सोडायची घाई कशाला. त्याला सांगा आधी वर्षभर पगारी राहून दर शनिवारी वाजव, बावन्न शनिवार. त्यात पाऊस आहे, मित्रांची लग्नं आहेत, ड्रमरचं भांडण आहे. बावन्न पैकी चाळीस जरी झाले तर मग तुम्ही त्याला अडवू नका, अडवून थांबणार पण नाही. आणि दहा झाले तर त्याचं तोच काही बोलणार नाही, तुम्ही पण विषय काढू नका.

प्रश्न : ॲम्प लावला की घूंऽऽ असा आवाज येतो, वाजवत नसलो तरी. गिटार खराब आहे का? (वैजापूर)

गिटार नाही, अर्थिंग बघा. घरातल्या बोर्डाला अर्थिंगची वायर नुसती शोभेला असते कितीतरी ठिकाणी. तारेला हात लावल्यावर आवाज कमी होतो का? पुष्कळ चांगल्या गिटारींतही तसं होतं, तेवढ्यावरून काही ठरवू नका, पण एकदा इलेक्ट्रिशियन बोलवून अर्थिंग तपासून घ्या. मंडपात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून माईकला ओठ लावायचा तर नावच काढू नका, मी एकदा लावला आणि दोन दिवस शिट्टी वाजवता आली नाही.

पण त्या घूं बद्दल एक गंमत सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, गुणगुणतो तो त्याच्या दुप्पट, १०० वर. बासची जी ची मोकळी तार आहे ९८ वर. म्हणजे जवळजवळ पांढरी पाच! आमच्याकडं ट्यूनर नव्हता, पेटीवाला उशिरा यायचा, तर मी मंडपामागच्या डीपीपाशी जाऊन, लांबूनच बरं का, तार लावायचो, डीपीच्या किंचित खाली. कधी किंचित खाली ठेवली की पेटीला बरोबर जुळायची आणि कधी तीच तार उतरलेली निघायची, मला काय कळंना. पुढं कंपनीतल्या एका इलेक्ट्रिकलवाल्या दोस्तानं उलगडा केला. त्या काळात विजेची टंचाई असली की संध्याकाळच्या लोडला फ्रिक्वेन्सीच ५० च्या खाली यायची. ४९ ला आली की दुप्पट बरोबर ९८. म्हणजे टंचाई असली की आपला डीपी सुरात यायचा.

प्रश्न : तुमच्या आयुष्यातली न विसरता येणारी रात्र? (औसा)

तुम्ही औशाचे, तुम्हाला मी वेगळी कशी सांगू.

१९९३ चं विसर्जन आम्ही लातूरला होतो, मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. दोन वाजता संपलं, कपडे घामानं भिजलेले, एका मंगल कार्यालयात गाद्या टाकून पडलो. बासची पेटी भिजली होती म्हणून बास तशीच उघडी गादीवर, माझ्या शेजारी. झोप लागते न लागते तो मला तारांच्या आवाजानं जाग आली. चारी तारा फ्रेटवर आपटून झणझणत होत्या, कुणी हात न लावता. मला वाटलं ढोलकीवाला चेष्टा करतोय. मग खालून तो आवाज आला, घर्रर्र असा, कानानं नाही, पोटानं ऐकू येतो तसा. ३ वाजून ५६ मिनिटं. उठून बाहेर पळालो, बास आत राहिली, तिची आठवण सकाळी झाली.

उजाडल्यावर भूकंपातल्या गावांची, किल्लारी, सास्तूर ही नावं यायला लागली. टेम्पोतलं सामान उतरवून आम्ही पाणी, भाकरी, ब्लँकेटं जे मिळेल ते भरून गेलो. पाऊस. काय बघितलं ते लिहीत नाही. तिथं एकानं विचारलं टेम्पोवरचा तो भोंगा चालतो का, बॅटरीवर चालतो म्हटल्यावर भोंगा, ॲम्प्लिफायर आणि माईक तिथंच ठेवून आलो, कोण कुठं आहे ती नावं पुकारायला लागत होता. पुढं कितीतरी महिने आम्ही काहीच वाजवलं नाही. तो भोंगा परत मागायला कुणी गेलं नाही.

प्रश्न : तुमचे आवडते बासिस्ट कोण? (उदगीर)

एकच सांगायचा तर जेम्स जेमर्सन. रॉकवाला नाही, अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा, १९६० च्या दशकातल्या त्यांच्या गाण्यांतली कितीतरी बास त्याची, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. वर्षानुवर्षं रेकॉर्डवर नाव नाही, १९७१ मधे पहिल्यांदा धड छापलं. आमच्या ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर पण गायकांची नावं असायची आणि खाली ‘व साथीदार’. तो ‘व’ म्हणजे मी.

आपल्याकडं आर. डी. बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ ऐका, चरणजित सिंग ऐका. गाणं तुम्हाला पाठ असेल, आता फक्त खालचं ऐका, परत नवीन वाटेल. आणि रॉकमधे आयर्न मेडन बँडचा स्टीव्ह हॅरिस. १७ मार्च २००७ ला आयर्न मेडन बंगळुरूला आले होते तेव्हा थर्ड शिफ्ट करून डोळे चोळत निघालो होतो. पिक (तार छेडायची चिपटी) नाही काही नाही, नुसत्या बोटांनी माणूस अडीच-तीन मिनिटं घोडा पळवतो आणि वर गातो पण. शेजारी उभी असलेली विशीतली पोरं मला अंकल म्हणून पुढं जागा करून देत होती. जागा घेतली, राग पण आला.

प्रश्न : इतकी वर्षं स्पीकरसमोर काढली, कानांचं काय झालं? (हिंगोली)

गेले. पूर्ण नाही, पण डाव्या कानात चोवीस तास एक बारीक शिट्टी वाजते. मी बासवाला, माझा खालचा आवाज शाबूत आहे, गेला तो वरचा, कारण तीस वर्षं ड्रमरची झांज माझ्या डाव्या कानाशी. कान तपासला तर ४००० हर्ट्झपाशी आलेखाला खड्डा. मोठ्या आवाजानं कान जातो तो बहुतेक तिथूनच जायला लागतो. त्याचा परिणाम असा की माणसं बोलतात ते ऐकू येतं पण स, श, त, थ कळत नाही. नात म्हणाली “आबा, साखर द्या”, मी तिला भाकर दिली. तिनं खाल्ली बिचारीनं.

८५ डेसिबलला आठ तास चालतात असं धरतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं! आपल्या मिरवणुकीतल्या डीजेसमोर पोरं सहा सहा तास नाचतात. कानात घालायचे प्लग शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. आम्ही कापूस घालायचो, त्यानं काही होत नाही, फक्त पैसे किती ठरले ते ऐकू येत नाही.

प्रश्न : बासच्या तारा फार महाग आहेत. किती दिवसांनी बदलायच्या? (धाराशिव)

जेमर्सन तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात. त्याच्या तारा वरून गुळगुळीत असायच्या, फ्लॅटवाउंड, त्या जुन्या झाल्या की अजून छान वाजतात. तुमच्या खरबरीत असणार, राउंडवाउंड. त्यांच्या वेढ्यांत घाम, मळ, मे महिन्यातली धूळ जाऊन बसते आणि तार मुकी होते. ती काढा, गुंडाळी करा, पातेल्यात पाणी उकळून दहा मिनिटं आत सोडा, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब चालेल. बाहेर काढून फडक्यानं पुसा आणि तासभर उन्हात, नाहीतर गंज धरते. महिनाभर तरी परत बोलते. तीनदा चारदा करता येतं, मग मात्र खिशात हात घालावा लागतो.

पातेलं वेगळं ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा आई स्वैपाकघरात आली, झाकण उघडलं, बराच वेळ आत बघत राहिली आणि म्हणाली, “शेवया हायेत का काय ह्या?”

प्रश्न : काका, मी आपल्या संभाजीनगरचाच. तुम्ही अजून वाजवता का? कुठं ऐकायला मिळेल? (छत्रपती संभाजीनगर)

वाजवतो की. आमच्या कॉलनीत गुरुवारी भजन असतं, तिथं छोटा ॲम्प घेऊन बसतो मृदंगवाल्याच्या डाव्या हाताला. सुरुवातीला बायका कुरकुरत होत्या, आता म्हणतात तो मोठा वीणा आला नाही का आज. अभंगाला सा-प पुष्कळ झालं, कधी कधी विठ्ठल विठ्ठल चढत गेलं की मी आपलं सॅबथचं एक वळण हळूच घालतो मधे. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मृदंगवाल्याच्या आलं, तो बघतो आणि हसतो.

रॉक ऐकायचं असेल तर रविवारी चौघं जमतो, मूळ बँडमधले दोघं राहिलोत, दोन पोरं नवीन आहेत, एक तर ढोलकीवाल्याचाच नातू, ड्रमवर. संपादकांकडून पत्ता घे आणि ये. दहाच्या नंतर ये पण, त्याच्या आधी गॅसवर पातेलं असतं.